डोळ्यांदेखत

भोगीची पानं मांडून व्हायच्या आधीच परीक्षितने वडिलांचा फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला, "बाबा, अंगठा द्या."

"कुणाला?"

"फोनला. उजवा प्लास्टरात आहे, पण डावा चालेल. दोन मिनिटांचं काम. मग निवांत जेवू."

भालचंद्र सोवनींनी डावा हात शालीच्या आत ओढून घेतला. "आधी जेवू," ते म्हणाले. "निवांतपणाचं नंतर बघू."

स्वयंपाकघराच्या दारातून नीला बापलेकांकडे बघत होती. तव्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी होती, तिची एक बाजू करपायला लागली तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. असं तिच्या हातून सहसा होत नसे.

डिसेंबरात भालचंद्र बँकेच्या पायरीवरून पडले आणि उजवं मनगट मोडून बसले. तेव्हापासून परीक्षितने एकच धोशा लावला होता, की आता बँकेत जाणं बंद. दर महिन्याच्या एक तारखेला सेक्टरातल्या बँकेत रांग लावून घरखर्चाची सगळी रक्कम रोख काढायची आणि बैठकीतल्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात टाकायची, हा भालचंद्रांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. दूध, भाजी, पेपर, कामवाली, सगळं त्या कप्प्यातून. परीक्षित गुरुग्रामच्या ज्या कंपनीत होता ती डिजिटल रुपयाची ॲप्स बनवायची, आणि त्याचा बाप दिल्लीतल्या द्वारकेच्या भाजीबाजारात पाचशेची नोट मोडून मागत फिरायचा. हे त्याने ऑफिसात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

आता त्याने तोड काढली होती. पेन्शन सरळ फोनमधल्या पाकिटात येणार. घरातून कुणीही काहीही खर्च केलं, तरी मेसेज तिघांना जाणार: बाबांना, आईला आणि त्याला.

नीलाची भाकरी करपली होती ती या मेसेजमुळे.

बारा वर्षांपूर्वी अबोलीने, तिच्या धाकट्या लेकीने, पानिपतच्या अनुराग मलिकशी लग्न केलं. हातमागाच्या चादरींचा छोटा कारखाना, घरात हुक्का, अंगणात म्हैस. सोवन्यांचा कुणी पूर्वज पानिपतावर पडला, असं घराण्यात सांगत. पुरावा काही नव्हता, पण भालचंद्रांनी बातमी ऐकून "दुसऱ्यांदा पानिपत झालं आमचं" असं म्हणायला तो पुरला. पुढे या घरातला एक पैसा तिकडे जाणार नाही, असंही म्हणाले आणि लेकीशी बोलणं टाकलं. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आयुष्यभर वजनमाप खात्यात काढलेला माणूस, मटार पन्नास ग्रॅम कमी भरले तरी तीन मजले उतरून परत जाणारा.

फक्त तो कप्पा मात्र ते कधी मोजत नसत. नीलाने ती देवाची कृपा मानली होती. दर महिन्याला ती त्यातून दोन-चार नोटा काढायची आणि साबुदाण्याच्या डब्यात तळाशी ठेवायची. चौदा जानेवारीला मराठी मंडळाची बस पानिपतजवळच्या काला अंबला जायची, लढाईतल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला; नवरा-बायको दोघंही जात. तिथे बायकांच्या गर्दीत अबोली येऊन उभी राहायची. नीला तिच्या हातात तिळगुळाचा डबा द्यायची. लाडवांच्या खाली बटरपेपर आणि बटरपेपरच्या खाली वर्षभराच्या नोटा. मनातल्या मनात ती याला गुप्तदान म्हणायची. संक्रांतीला तिळाच्या लाडवात नाणं घालून न सांगता देतात, तसंच हे, फक्त लाडू जरा मोठा.

त्या पैशांवर केतकी बोलायला शिकत होती. अबोलीची ही आठ वर्षांची मुलगी जन्मापासून कमी ऐकायची. कानाला मशीन लागलं, पण नुसत्या मशीनने बोलणं येत नाही, आठवड्यातून दोनदा शिकवणी लागते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, अजून दोन वर्षं खंड पडता कामा नये. अबोलीचा शाळेतला पगार तुटपुंजा, अनुरागच्या चादरींना गिऱ्हाईक नाही. आणि परीक्षितकडून ती घ्यायला तयार नव्हती, कारण त्या वर्षी तो बापाच्या बाजूने उभा राहिला होता. सोवन्यांचा हट्ट पोरीतही पुरेपूर उतरला होता.

म्हणजे उद्याचा डबा हा शेवटचा. नीलाने भाकरी दुरडीत टाकली आणि पानं वाढायला घेतली.

जेवताना विषय निघणारच होता, निघाला. परीक्षितची बायको देविका मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआरला होती. लोहरीची सुट्टी म्हणून तिघं आली होती. त्यांची अनुष्का कॉलेजात शिकत होती आणि भोगीच्या भाजीतून बोरं बाजूला काढत होती.

"बाबा, मला एक सांगा," परीक्षित म्हणाला. "रोख रकमेनं या देशाचं काय भलं केलं? काळा पैसा रोखीत, लाच रोखीत, टॅक्सची चोरी रोखीत. मी तर म्हणतो डिजिटल वापरणं ही मॉरल गोष्ट आहे. जो रोखीचा आग्रह धरतो तो नकळत चोरांच्या रांगेत उभा राहतो."

"रांगेत उभं राहायची मला सवय आहे," भालचंद्र म्हणाले. चमचा डाव्या हातात होता आणि हात शालीतून जेमतेम बाहेर. "तू नीतीचं सांगतोस, मी राजकारणाचं सांगतो. नोट विचारत नाही तू कोण, कुणाला देतोस, कशासाठी देतोस. तुझा फोन तिन्ही विचारतो. ज्याला सगळ्यांचं सगळं ठाऊक, त्याच्यापुढे माणूस हळूहळू मान खाली घालून चालायला लागतो. मी नोट वापरतो ते मत दिल्यासारखं आहे. गुप्त मतदान."

"आजोबा, पण तुम्ही छुपाताय काय?" अनुष्का म्हणाली. "भोपळा घेतला, दही घेतलं. किसको पड़ी है?"

"लपवायला काही नसलं तरी बाथरूमला कडी लावतोच ना आपण?"

अनुष्का हसली. परीक्षितने आधारासाठी बायकोकडे पाहिलं, आणि तिथे त्याचा अंदाज चुकला.

"आमच्याकडे मागच्या महिन्यात जेवणाचा भत्ता डिजिटल रुपयात द्यायला लागले," देविका म्हणाली. "तो फक्त खाण्याच्या दुकानात चालतो, आणि महिनाअखेर संपतो. एक ऑपरेटर आला माझ्याकडे. मुलीला ताप होता, औषध घ्यायला गेला तर पैसे चालेनात. म्हणाला, मैडम, ये पैसा मेरा है कि आपका?"

"वा!" भालचंद्रांनी चमचा ठेवून दिला. "ऐक. ऐक तुझ्या बायकोचं."

"थांबा बाबा, पूर्ण ऐका. आधी ठेकेदार तोच भत्ता रोख वाटायचा, आणि प्रत्येकाचे दोनशे स्वतःच्या खिशात घालायचा. ते बंद झालं. त्याच माणसानं मला पेढेही दिले होते."

"मग तू कुणाच्या बाजूची?" परीक्षितने विचारलं.

"मी खिचडी घेते अजून थोडी," देविका म्हणाली.

नीलाने तिला वाढलं. या वादात तिची स्वतःची एक अडचण होती. इतकी वर्षं नवऱ्याच्या नोटांच्या वेडाची टिंगल करण्यात ती सगळ्यांत पुढे असायची. मुद्दामच. चोराने चावीची चौकशी करू नये, तेवढं तिला कळत होतं. आता अचानक नोटांची बाजू घेतली तर परीक्षितच्या डोळ्यांत येणार, आणि न घेतली तर केतकीची शिकवणी बंद.

"आई, तूच सांग," परीक्षित म्हणाला. "तुला तर सोपंच होईल. सुट्ट्यांची कटकट नाही."

"असू दे की नोटा," नीला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "सवयीच्या आहेत."

"तू? तू असं म्हणतेस?"

"म्हातारी झाले," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

जेवणं आटोपल्यावर नीला लाडू वळायला बसली. पाक झाला होता आणि गरम असतानाच हात चालवायला हवे होते. अनुष्का तुपाचा हात करून आजीशेजारी बसली. नीलाने वाटीतलं धुतलेलं एक रुपयाचं नाणं तिच्यापुढे केलं. "हे एका लाडवात घाल. गुप्तदान."

"म्हणजे जिसको मिला वो लकी?"

"नाही गं. ज्याला मिळतं त्याला कळतं, पण देणारा सांगत नाही. सांगितलं की दान संपलं."

"सो स्वीट! पण आजी, डिजिटलमध्ये हे कसं करणार?"

नीलाने पुढचा लाडू वळायला घेतला. बैठकीतून परीक्षितचा आवाज येत होता, आता बऱ्यापैकी चढलेला.

"प्रॅक्टिकल बोलू या बाबा. एक तारखेला तुम्ही बँकेत जाऊ शकला नाहीत. डाव्या हातानं सही करून बघितलीत, जुळत नाही. कप्पा रिकामा आहे. तेरा दिवस मी घर चालवतोय. हे किती दिवस चालणार?"

"कप्पा रिकामा नाही."

नीलाचे हात थांबले. काल संध्याकाळी दुधाचे पैसे द्यायला तिने सवयीने कप्पा उघडला होता. त्यात एक रबरबँड होता आणि विजेचं जुनं बिल.

ती उठून बाहेर आली, तुपाचे हात तसेच. देविकाने कप्पा ओढला. आत पाचशेच्या नोटांचं बंडल होतं, बँकेची कागदी पट्टी अजून न फाडलेली.

"हे कुठून आले?" परीक्षित म्हणाला.

"बँकेतून. सकाळी बोरं आणायला गेलो होतो ना सुधाकरबरोबर, तेव्हा." सुधाकर म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधले, भालचंद्रांचे फिरायचे सोबती. "तो साक्षीदार म्हणून आला होता."

"पण सही?"

भालचंद्रांनी शालीतून डावा हात बाहेर काढला. अंगठा निळाशार होता, शाई नखाच्या कडेपर्यंत चढलेली.

"अंगठा दिला," ते म्हणाले.

याच माणसाने नोकरीत असताना अंगठा उठवणाऱ्या दुकानदारांच्या नकला करून घरादाराला हसवलं होतं. 'अंगठेबहाद्दर' हा त्यांचा ठेवणीतला शब्द. तोच माणूस आज सकाळी भरल्या बँकेत स्टँपपॅडवर अंगठा दाबून आला होता, आणि दिवसभर तो शालीत लपवत होता. नीलाला त्यांची दया आली, आणि पाठोपाठ प्रश्न पडला. एवढं कशासाठी? तत्त्वासाठी माणूस भाषण करतो, फार तर उपास करतो. भालचंद्र सोवनी तत्त्वासाठी अंगठा देणार नाहीत, हे चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला खात्रीने सांगता आलं असतं.

परीक्षितलाही ते लागलं असावं. तो चिडला, आणि चिडला की तो जुनं उकरायचा. "तुमचा ना नुसता हट्ट आहे बाबा. एकदा बोललात की बोललात. अबोलीचंही तेच केलंत. या घरातला एक पैसा पानिपतला जाणार नाही! एका वाक्यावर बारा वर्षं गेली."

"मी असं म्हणालो नव्हतो."

"मी समोर होतो."

"समोर होतास, पण ऐकलं अर्धंच. सगळ्यांनीच." भालचंद्र फोनकडे बघून बोलत होते. "माझ्या डोळ्यांदेखत या घरातला एक पैसा पानिपतला जाणार नाही. असं म्हणालो होतो."

"डोळ्यांदेखत म्हणजे?" अनुष्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, लाडू हातात. "देखरेख?"

"नाही. देखत म्हणजे दिसत असताना. माझ्या डोळ्यांना दिसत असताना."

"अच्छा. मतलब नहीं दिखा तो चलेगा?"

भालचंद्र फोनकडेच बघत राहिले. नीला मात्र तिथेच टेबलाला टेकली.

नोटबंदीचा नोव्हेंबर तिला आठवला. साबुदाण्याच्या डब्यातल्या सगळ्या नोटा एका रात्रीत रद्दी झाल्या होत्या आणि ती दोन दिवस जेवली नव्हती. तिसऱ्या दिवशी भालचंद्र पेपर वाचता वाचता म्हणाले, "घरात कुठे विसरून राहिल्या असतील त्या जुन्या नोटा टेबलावर ठेव. मी भरून येतो." किती, कुठल्या, काही विचारलं नाही. पुढच्या आठवडाभरात कप्प्यात नव्या नोटा जास्तच पडल्या. तिला वाटलं होतं, विसरभोळे झाले. काला अंबला पोचलं की ते स्मारकाच्या खांबाकडे तोंड करून, डोळे मिटून उभे राहायचे, मंडळाचे सगळे पांगले तरी. तिला वाटायचं, हुतात्म्यांसाठी. आणि मटार मोजून घेणारा माणूस कप्पा मोजत नव्हता.

हे रोखीचं वेड, ती भाषणं, ते गुप्त मतदान, सगळं एका शब्दाची राखण होती. नोट दिसत नाही. फोन दाखवतो.

तिला भरून आलं. पण ते फार टिकलं नाही, कारण त्याच्यामागून राग आला, आणि तो चांगला बारा वर्षांचा होता. बारा वर्षं ती या घरात चोरासारखी वावरली. कप्पा उघडताना कान बैठकीकडे, बसमध्ये डबा मांडीवर घट्ट धरलेला. लेकीला मिठी मारायची तीही पाठीमागे बघत. आणि यांना सगळं ठाऊक होतं. एका शब्दाने ते तिची सुटका करू शकत होते. पण तसं केलं असतं तर त्यांचा शब्द मोडला असता. त्यांनी स्वतःचा शब्द राखला आणि चोरी तिच्या वाट्याला दिली.

"परीक्षित," नीला म्हणाली, "सुरू कर ते तुझं."

"काय?"

"ॲप. आणि त्यात पहिलं नाव अबोलीचं घाल. नंबर देते मी. दर महिन्याला तिला पैसे जातील, केतकीच्या शिकवणीचे. आजवर डब्यातून जात होते, वर्षातून एकदा."

परीक्षितने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. बापाच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि ते नसल्याचं त्याच्या लक्षात आलं. देविकाच्या तर केव्हाच आलं होतं. तिने हळूच कप्पा लावून टाकला.

"नीला," भालचंद्र म्हणाले, "मेसेज मला येईल."

"येऊ दे."

"मला दिसेल ते. दर महिन्याला."

"दिसू दे. तुमचे डोळे मिटलेले राहावेत म्हणून मी बारा वर्षं तळाशी हात घालत होते. आता नाही घालणार. नको असेल तर नको म्हणा, सगळ्यांच्या देखत म्हणा. मग मी उद्या रिकामा डबा घेऊन जाईन, आणि रिकामा का ते लेकीला सांगेन."

ती इतकं सलग बोलल्याचं या घरात कुणाला आठवत नव्हतं. भालचंद्र खुर्चीत बसून होते. बाहेर सोसायटीच्या बागेत लोहरीच्या शेकोटीची लाकडं रचणं चालू होतं, कुणीतरी पंजाबीत कुणाला तरी ओरडत होतं. त्यांनी आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग उठले आणि बेसिनकडे गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. एका हाताने त्याच हाताचा अंगठा घासायचा म्हणजे अवघडच. नीला हे ऐकत होती, मदतीला गेली नाही. शेवटी अनुष्का साबण घेऊन गेली.

परत आले तेव्हा शाई निम्मीशिम्मी उरली होती. त्यांनी अंगठा फोनवर ठेवला.

"नहीं ले रहा," अनुष्का म्हणाली. "ओला आहे, आजोबा. पुसा नीट."

त्यांनी शालीला पुसून पुन्हा ठेवला, आणि परीक्षित सांगेल तसा तीनदा उचलून ठेवला. परीक्षितने अबोलीचा नंबर घातला. बारा वर्षांत बहिणीचा नंबर त्याच्याकडे नव्हता, तो त्याला सगळ्यांसमोर आईला विचारून घ्यावा लागला.

"ट्रायल म्हणून एक रुपया पाठवतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पोचतो का बघू."

टेबलावरचा भालचंद्रांचा फोन टिंग वाजला. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. कुणीच तो उचलला नाही. भालचंद्रांनी मान पुढे केली, डोळे बारीक केले, आणि त्यांना ते वाचता आलं नाही.

"नीला," ते म्हणाले, "माझा चष्मा दे."